व्हर्जिनिया २०२१ : उमेदवारीची पद्धत बदलली आणि ६३ हजार मतांनी गव्हर्नरपद मिळालं

२ नोव्हेंबर २०२१ ला व्हर्जिनियात रिपब्लिकन पक्षाच्या ग्लेन यंगकिन यांना १६,६३,१५८ मतं पडली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या टेरी मॅकॉलिफ यांना १५,९९,४७०. फरक ६३,६८८ मतांचा, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा कमी. वर्षभरापूर्वी याच राज्यात जो बायडेन दहा टक्क्यांनी जिंकले होते. २००९ नंतर रिपब्लिकन पक्षाला इथे राज्यव्यापी एकही निवडणूक जिंकता आली नव्हती.

निकाल लागला आणि सगळीकडे शाळांची चर्चा सुरू झाली. मॅकॉलिफ वादविवादात पालकांबद्दल एक वाक्य बोलले, पालक चिडले, निवडणूक फिरली, असं सरळ उत्तर सगळ्यांनी मान्य केलं. त्यात तथ्य आहे, पण त्या वाक्याचा फायदा उचलू शकेल असा उमेदवार रिपब्लिकन पक्षाकडे आला कुठून, हे त्यातून कळत नाही. २०१७ आणि २०१८ मध्ये तसा उमेदवार पक्षाला मिळाला नव्हता. त्यामुळे या प्रकरणाची सुरुवात ५ डिसेंबर २०२० पासून करावी लागते. त्या दिवशी पक्षाच्या राज्य केंद्रीय समितीने उमेदवार कोण हे ठरवलं नाही. उमेदवार कोणत्या पद्धतीने निवडायचा, हे ठरवलं.

मैदान कसं होतं

गव्हर्नर म्हटलं की आपल्याला राजभवनातले राज्यपाल आठवतात. अमेरिकेतला गव्हर्नर थेट जनतेतून निवडून येतो आणि कामाच्या दृष्टीने तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा असतो: अर्थसंकल्प मांडतो, विधेयकांवर नकाराधिकार वापरतो, खातेप्रमुख नेमतो. व्हर्जिनियाची स्वतःची काही वैशिष्ट्यं आहेत. इथे गव्हर्नरला लागोपाठ दोन कार्यकाळ मिळत नाहीत, त्यामुळे पदावरचा माणूस कधीच पुन्हा उभा नसतो. मॅकॉलिफ २०१४ ते २०१८ गव्हर्नर होते, एक कार्यकाळ बाहेर राहून परत आले होते. निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीनंतर बरोबर एका वर्षाने येते, आणि मतदार नव्या राष्ट्राध्यक्षावरचा राग इथे काढतात. १९७७ पासून व्हाइट हाउसमध्ये असलेल्या पक्षाने हे पद फक्त एकदा जिंकलं, २०१३ मध्ये. जिंकणारे होते मॅकॉलिफच.

आणखी दोन नियम महत्त्वाचे. मतदार नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही, त्यामुळे प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी होणाऱ्या आधीच्या मतदानात, कोणीही जाऊन कोणत्याही एका पक्षाच्या उमेदवारासाठी मत देऊ शकतो. आणि देणग्यांना वरची मर्यादा नाही. २०२१ मध्ये दोन्ही उमेदवारांनी प्रत्येकी साडेसहा कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली. त्यातले सुमारे दोन कोटी यंगकिन यांनी स्वतःच्या खिशातून घातले. कार्लाइल ग्रुप या गुंतवणूक कंपनीचे ते सह-मुख्याधिकारी होते.

प्रायमरीची भीती

आपल्याकडे पक्षश्रेष्ठींनी एबी फॉर्म दिला की उमेदवार ठरला. अमेरिकेत पक्षाध्यक्षाच्या हातात असा कागद नसतो. पण व्हर्जिनियात २०२१ मध्ये पक्षाला एक वेगळा अधिकार होता: सरकारने घेतलेली प्रायमरी हवी की पक्षाने स्वतः भरवलेलं अधिवेशन, हे पक्ष ठरवू शकत होता. सगळी लढाई त्यावर झाली.

कारण होतं राज्य सिनेटच्या सदस्य अमांडा चेस. त्या स्वतःला 'उंच टाचांच्या चपलेतला ट्रम्प' म्हणवून घेत. ६ जानेवारी २०२१ च्या वॉशिंग्टनमधल्या ज्या सभेनंतर ट्रम्पसमर्थकांनी संसद भवनावर हल्ला केला, तिला त्या गेल्या होत्या आणि त्यानंतर राज्य सिनेटने त्यांच्यावर निषेधाचा ठराव केला. पक्षातल्या अनुभवी लोकांचा हिशेब सोपा होता. प्रायमरीत ज्याला सर्वाधिक मतं तो जिंकतो, निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. मैदानात सहा-सात उमेदवार उतरले तर तीस टक्के निष्ठावान मतांवर चेस उमेदवार होतील, आणि नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनलगतच्या उत्तर व्हर्जिनियाच्या उपनगरांत पक्षाचा धुव्वा उडेल.

ही भीती हवेतली नव्हती. २०१७ च्या प्रायमरीत एड गिलेस्पी यांनी कोरी स्टुअर्ट यांना जेमतेम एका टक्क्याने मागे टाकलं होतं. स्टुअर्ट यांनी यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या सेनानींच्या पुतळ्यांवरच प्रचार उभा केला होता. पुढच्या वर्षी तेच स्टुअर्ट ४५ टक्क्यांच्या आत मतं घेऊन अमेरिकन सिनेटचे उमेदवार झाले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या टिम केन यांच्याकडून सोळा टक्क्यांनी हरले. मतं फुटली की प्रायमरी काय करते, ते पक्षाने दोन वर्षांत दोनदा पाहिलं होतं.

पण अधिवेशनाचाही इतिहास चांगला नव्हता. २०१३ मध्ये अधिवेशन घेऊन पक्षाने केन कुचिनेली यांना उमेदवारी दिली. मवाळ मानले जाणारे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर) बिल बोलिंग पद्धत ठरल्यावर बाजूला झाले. रिचमंडच्या सभागृहात आठ हजारांच्या आसपास प्रतिनिधी आले होते, आणि लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी फेरीमागून फेरी होत संध्याकाळ उलटली तशी फक्त कट्टर माणसं खुर्चीवर टिकली. कुचिनेली अडीच टक्क्यांनी हरले. २०२० मध्ये पाचव्या काँग्रेस मतदारसंघात गाडीत बसून मत देण्याचं अधिवेशन झालं आणि विद्यमान खासदार डेन्व्हर रिगलमन यांचा बॉब गुड यांनी उजवीकडून पराभव केला.

म्हणून अधिवेशन घेतलं की मवाळ उमेदवार मिळतो, असा निष्कर्ष या प्रकरणातून काढणं चूक ठरेल. २०२१ चं अधिवेशन वेगळं ठरलं ते त्यातल्या तीन तांत्रिक गोष्टींमुळे, आणि त्यातला एक तर महामारीने लादला होता.

८ मे २०२१ : ३९ केंद्रं, एक मतपत्रिका

महामारीच्या निर्बंधांत हजारो माणसं एका सभागृहात बसवणं शक्य नव्हतं. पहिली योजना लिंचबर्गच्या लिबर्टी विद्यापीठाच्या वाहनतळावर सगळ्यांना गाड्यांत बसवण्याची होती. ती बारगळली. राज्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पाच-सहा तासांचा प्रवास, हजारो गाड्या, आणि विद्यापीठाशी पक्का करारही झालेला नाही, अशी ती अवस्था होती. शेवटी 'विखुरलेलं अधिवेशन' ठरलं: ३९ केंद्रं, गाडीतूनच मतदान, एकाच दिवशी.

पहिला बदल हा. दिवसभर बसून राहण्याची अट गेली. नोंदणी केलेला प्रतिनिधी आला, मत टाकलं, घरी गेला. सुमारे ५३ हजार लोकांनी प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवलं आणि तीस हजारांच्या आसपास लोकांनी मत दिलं. प्रायमरीच्या मानाने हा आकडा फारच लहान (२०१७ च्या रिपब्लिकन प्रायमरीत साडेतीन लाखांहून जास्त मतं पडली होती), पण २०१३ च्या सभागृहाच्या जवळपास चौपट.

दुसरा बदल पसंतीक्रमाचा. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलं आहे त्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको: पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते. यामुळे तीस टक्के कट्टर समर्थकांच्या जोरावर जिंकण्याची वाट बंद झाली. जिंकायचं तर इतरांच्या समर्थकांचीही दुसरी पसंती हवी, म्हणजे कोणालाही फार दुखावून चालणार नाही.

तिसरी गोष्ट भारांकनाची. ती जुनीच होती, पण नव्या मांडणीत तिला वजन आलं. प्रत्येक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) व शहराला पक्षाच्या आधीच्या मतांनुसार ठरावीक 'प्रतिनिधी मतं' दिलेली असतात. एखाद्या काउंटीच्या वाट्याला १०० मतं असतील आणि तिथून फक्त २० माणसं आली, तर प्रत्येकाचं मत पाचाचं होतं. त्यामुळे जिथे लोक आपणहून येणार नाहीत अशा ठिकाणी माणसं नोंदवून आणणारी मोहीम कमी कष्टांत जास्त वजन कमावते. ज्याच्याकडे पैसा आणि पगारी कार्यकर्ते, त्याला ही व्यवस्था मानवते.

गोंधळही झालेच. प्रतिनिधी व्हायला स्थानिक समितीकडे मुदतीत अर्ज भरायचा होता आणि जो उमेदवार ठरेल त्याला पाठिंबा देण्याची हमी द्यायची होती. अनेकांना हे मुदत संपल्यावर कळलं. मतदान शनिवारी, त्यामुळे सब्बाथ पाळणाऱ्या सनातनी ज्यू मतदारांना भाग घेता येईना. त्यांना वेगळ्या दिवशी मत देऊ देण्याचा ठराव समितीत आधी पडला आणि टीका झाल्यावर पुन्हा मंजूर करावा लागला. मतपत्रिका रिचमंडला आणून हाताने मोजल्या. मोजणी पदानुसार काही दिवस चालली. २०२० च्या निकालावरून ज्या पक्षात मतमोजणीवरचा अविश्वास शिगेला होता, तिथे ही मोजणी उघड्यावर आणि सावकाश करणं भागच होतं. चेस यांनी सुरुवातीपासून अधिवेशनावर आक्षेप घेतला होता आणि अपक्ष उभं राहण्याची धमकीही दिली होती.

पहिल्या फेरीत सात उमेदवारांत यंगकिन यांना सुमारे ३३ टक्के, उद्योजक पीट स्नायडर यांना २६ आणि चेस यांना २१ टक्के भारांकित मतं मिळाली. सहाव्या फेरीत यंगकिन ५४.७ टक्क्यांवर पोहोचले. २१ टक्के हा आकडा पुन्हा पाहावा. कार्यकर्त्यांच्या छोट्या, अर्ज भरून आलेल्या गटातही प्रत्येक पाचांतल्या एकाची पहिली पसंती चेस यांना होती. खुल्या प्रायमरीत तो आकडा कुठे गेला असता हे सांगता येत नाही, पण पक्षाच्या समितीने तो जुगार टाळला.

लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी विन्सम सीअर्स आणि महाधिवक्तापदासाठी जेसन मियारेस निवडले गेले. सीअर्स जमैकात जन्मलेल्या, मरीन दलात काम केलेल्या कृष्णवर्णीय महिला. मियारेस यांची आई क्यूबातून आलेली. व्हर्जिनियात ही पदं गव्हर्नरपासून स्वतंत्रपणे निवडली जातात, पण तीन फोटो एका फलकावर लागतात आणि त्या फलकाचा उपयोग झाला.

दोन टप्प्यांची भाषा

यंगकिन यांची मोठी ताकद म्हणजे त्यांच्या मागे राजकीय नोंद नव्हती. कधी कुठल्या विधेयकावर मत दिलेलं नाही, कुठल्या भाषणाची जुनी चित्रफीत नाही. फेब्रुवारीत, कार्यकर्त्यांसमोर जायचं होतं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी 'निवडणूक विश्वासार्हता कृतिदल' जाहीर केलं. बायडेन रीतसर निवडून आले का, या प्रश्नाला उमेदवारी मिळेपर्यंत त्यांनी बगल दिली. उमेदवारी मिळाल्यावर मात्र होय म्हणाले. ट्रम्प यांनी निकालानंतर लगेच पाठिंबा दिला, यंगकिन यांनी तो आभार मानून घेतला, आणि जूनपासून दूरचित्रवाणीवर दिसू लागला तो वेगळाच माणूस: व्हर्जिनिया बीचच्या खानावळीत भांडी घासलेला, राइस विद्यापीठात बास्केटबॉल खेळलेला, लाल जाकीट घातलेला शेजारी.

या जाहिराती उन्हाळ्यात लागल्या, हे नीट लक्षात घ्यायला हवं. मॅकॉलिफ ८ जूनला प्रायमरी ६२ टक्क्यांनी जिंकले, पण लोकांना ते आधीपासून माहीत होते. अनोळखी उमेदवाराची ओळख जो आधी करून देतो, ती ओळख टिकते. प्रतिस्पर्ध्याला ती पुसायला नंतर तिप्पट पैसे लागतात. दोन कोटी डॉलर खिशात असल्याने यंगकिन यांना देणग्यांची वाट पाहावी लागली नाही.

धोक्याचे प्रसंग आलेच. जुलैमध्ये छुप्या कॅमेऱ्यात ते म्हणताना दिसले की गर्भपाताबद्दल मी सगळं आत्ता बोललो तर अपक्ष मतदार दूर जातील. १ सप्टेंबरला टेक्ससचा कडक गर्भपात कायदा लागू झाला आणि मॅकॉलिफ यांनी त्यावर जाहिराती लावल्या. हा मुद्दा त्या वर्षी चालला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुना हक्क अजून रद्द केलेला नव्हता, आणि 'इथे असं होईल' हे लोकांना पटत नव्हतं. (२०२३ मध्ये पटलं, ते पुढे.)

एक वाक्य आणि त्याआधीचं दीड वर्ष

२८ सप्टेंबरला अलेक्झांड्रियातल्या वादविवादात यंगकिन यांनी मॅकॉलिफ यांच्या जुन्या नकाराधिकाराचा विषय काढला. शाळेतल्या वाचनात लैंगिक वर्णन असेल तर पालकांना आधी कळवावं, असं ते विधेयक होतं. मॅकॉलिफ आपल्या निर्णयाचं समर्थन करत गेले आणि बोलून गेले: शाळेने काय शिकवावं हे पालकांनी सांगावं असं मला वाटत नाही.

धोरण म्हणून यात नवीन काही नाही. अभ्यासक्रमाचे मानदंड राज्याचं शिक्षण मंडळ ठरवतं. पण ऐकणारे पालक दीड वर्ष कशातून गेले होते ते पाहा. उत्तर व्हर्जिनियातल्या मोठ्या शाळा-व्यवस्था २०२०-२१ चा बराचसा काळ बंद किंवा ऑनलाइन होत्या. मुलं घरात, आईवडील कामावर किंवा तेही घरात, आणि शाळा कधी उघडणार याची उत्तरं बदलत राहिली. लाउडन काउंटीत शाळा मंडळाच्या सभा आरडाओरड्यात संपत होत्या. तिथल्या एका शाळेत मे महिन्यात विद्यार्थिनीवर लैंगिक अत्याचार झाला, आरोपी विद्यार्थ्याला दुसऱ्या शाळेत पाठवलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये तिथेही गुन्हा घडला. वंशभेदाचं शिक्षण कसं द्यावं यावरचा देशव्यापी वादही याच सभांत उतरला होता.

फेअरफॅक्स काउंटीतल्या थॉमस जेफरसन विज्ञान विद्यालयाचा विषय तर आपल्या लोकांच्या घरातला होता. २०२० च्या अखेरीस शाळा मंडळाने प्रवेश परीक्षा रद्द केली. पुढच्या तुकडीत आशियाई विद्यार्थ्यांचं प्रमाण ७३ वरून ५४ टक्क्यांवर आलं. हर्न्डन, चँटिलीसारख्या भागांत राहणाऱ्या भारतीय घरांत, मराठी घरांतही, या शाळेची तयारी सहावी-सातवीपासून चालते. एरवी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे यातले काही पालक या निर्णयाविरुद्ध न्यायालयात गेलेल्या गटाच्या बाजूने उभे राहिले. यंगकिन यांच्या प्रचाराने हे वेगवेगळे राग ओळखले आणि 'पालकांना महत्त्व आहे' या एका फलकाखाली आणले. शाळा बंद राहिल्याचा राग, पुस्तकांचा, गुणवत्तेचा, सुरक्षिततेचा. प्रत्येकाने त्या फलकात आपापला अर्थ वाचला. कट्टर मतदाराला त्यात 'क्रिटिकल रेस थिअरी' या वंशभेदाविषयीच्या सिद्धांतावरची बंदी दिसली, अ‍ॅशबर्नच्या अभियंत्याला आठवीचं गणित दिसलं.

वादविवादातल्या वाक्याची जाहिरात लगोलग निघाली. मॅकॉलिफ यांच्याकडून थेट उत्तर देणारी जाहिरात ऑक्टोबरच्या मध्यावर, जवळपास तीन आठवड्यांनी आली: माझे शब्द संदर्भ तोडून दाखवले जात आहेत. व्हर्जिनियात मतदान १७ सप्टेंबरलाच सुरू झालेलं होतं, म्हणजे ते तीन आठवडे लोक मत टाकत होते. शिवाय 'संदर्भ तोडला' या उत्तरात मूळ वाक्य पुन्हा एकदा ऐकू येतं. दोन दिवसांत 'मी चुकीचं बोललो, पालकांचं म्हणणं असं ऐकलं जाईल' असं सांगून पुढे जाण्याची वाट मोकळी होती. ती घेतली नाही. आणि शेवटच्या रात्रीच्या सभेत शिक्षक संघटनेच्या राष्ट्रीय अध्यक्ष रँडी वाइनगार्टन यांना मंचावर बोलावलं. शाळा उशिरा उघडल्याचा राग ज्या संघटनांवर होता, त्यांच्याच प्रमुख. एवढ्या अनुभवी प्रचारयंत्रणेने हे कसं होऊ दिलं, याचं समाधानकारक उत्तर सापडत नाही.

ट्रम्प नसताना ट्रम्पविरोधी प्रचार

डेमोक्रॅटिक पक्षाने २०१७, २०१८, २०१९ आणि २०२० अशा चार निवडणुका व्हर्जिनियात ट्रम्पविरोधावर जिंकल्या होत्या. मॅकॉलिफ यांनी पाचव्यांदा तेच शस्त्र काढलं. पण ट्रम्प सत्तेत नव्हते, ट्विटरवरून हद्दपार होते, आणि व्हर्जिनियात आले नाहीत. शेवटच्या संध्याकाळी फोनवरून सभा घेतली, तिला यंगकिन हजर नव्हते. १३ ऑक्टोबरला हेनरिको काउंटीत ट्रम्पसमर्थकांची सभा झाली आणि ६ जानेवारीला नेल्याचं सांगितलेल्या झेंड्यापुढे शपथ घेतली गेली. यंगकिन तिथे गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो प्रकार विचित्र आणि चुकीचा होता असं सांगितलं. ट्रम्प यांच्याबद्दल मात्र एक वाईट शब्द काढला नाही. ही तारेवरची कसरत जमली ती ट्रम्प यांनी लांब राहायला मूक संमती दिली म्हणून. तेवढं सहकार्य मिळालं नसतं तर उपनगरांचं गणित चुकलं असतं.

२९ ऑक्टोबरला शार्लट्सव्हिलमध्ये यंगकिन यांच्या बसपुढे काही जण मशाली घेऊन उभे राहिले, २०१७ च्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मोर्चाची आठवण करून द्यायला. ट्रम्पविरोधी लिंकन प्रोजेक्ट या गटाने थोड्याच वेळात ते आपलं काम असल्याचं कबूल केलं. मतदानाला चार दिवस असताना अख्खा दिवस त्या खुलाशात गेला.

वॉशिंग्टनकडूनही मॅकॉलिफ यांना मदत झाली नाही. ऑगस्टमध्ये अफगाणिस्तानातून माघारीनंतर बायडेन यांची लोकप्रियता घसरली होती. पायाभूत सुविधांचं विधेयक पक्षांतर्गत भांडणात अडकलं होतं. मॅकॉलिफ जाहीरपणे ते मंजूर करा म्हणत राहिले. प्रतिनिधिगृहाने ते ५ नोव्हेंबरला मंजूर केलं, मतदानानंतर तीन दिवसांनी. मॉनमाउथ विद्यापीठाच्या ऑक्टोबरमधल्या मतदार पाहणीत दोघे ४६-४६ वर आले होते.

मतांचा हिशेब

डेमोक्रॅटिक मतदार घरी बसला म्हणून पक्ष हरला, हे वाक्य निम्मंच खरं आहे. २०१७ मध्ये राल्फ नॉर्थम १४ लाख ९ हजार मतं घेऊन जवळपास नऊ टक्क्यांनी जिंकले. मॅकॉलिफ यांना त्यांच्याहून एक लाख नव्वद हजार मतं जास्त मिळाली आणि ते हरले. गिलेस्पी यांच्या ११ लाख ७६ हजारांवर यंगकिन यांनी चार लाख ८७ हजारांची भर घातली होती.

दुसऱ्या बाजूने पाहू. बायडेन यांना २०२० मध्ये २४ लाख १३ हजार मतं होती, त्यांच्या ६६ टक्के मतं मॅकॉलिफ यांच्याकडे आली. ट्रम्प यांना १९ लाख ६२ हजार, त्यांच्या ८५ टक्के इतकी यंगकिन यांच्याकडे. नैऋत्येच्या डोंगराळ काउंट्यांत यंगकिन ८० टक्क्यांच्या पुढे गेले. ट्रम्प यांचं नाव न घेता ट्रम्प यांचा मतदार बाहेर आला. त्याच वेळी फेअरफॅक्समध्ये डेमोक्रॅटिक मतं ७० वरून ६५ टक्क्यांवर आली, लाउडनमधली आघाडी २५ टक्क्यांवरून ११ वर. चेस्टरफील्ड, स्टॅफर्ड आणि व्हर्जिनिया बीच बायडेन यांनी जिंकले होते, ते यंगकिन यांच्याकडे गेले. राज्याच्या प्रतिनिधिगृहातही ५५-४५ चं डेमोक्रॅटिक बहुमत जाऊन रिपब्लिकन ५२-४८ ने पुढे आले.

मुदतपूर्व मतदानाचा वाटा इथे सांगायला हवा. २०२० पासून कारण न देता ४५ दिवस आधीपासून मत देता येतं. २०१७ मध्ये दोन लाखांच्या आत असलेली अशी मतं २०२१ मध्ये बारा लाखांच्या जवळ गेली. ट्रम्प यांनी टपाली मतदानाची बदनामी केलेली असताना यंगकिन प्रत्येक सभेत 'आधीच मत देऊन टाका' सांगत होते. याचा फायदा हिशेबी असतो: ज्याने मत दिलं त्याचं नाव रोज यादीतून कमी होतं, आणि फोन, पत्रकं, दारावरच्या फेऱ्या उरलेल्यांवर खर्च होतात.

यातलं किती श्रेय डावपेचांचं? शेजारचं उदाहरण मोजमापाला उपयोगी आहे. त्याच दिवशी न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक गव्हर्नर फिल मर्फी जॅक चिआटारेली यांच्यापुढे तीन टक्क्यांच्या आसपास फरकाने वाचले. बायडेन तिथे सोळा टक्क्यांनी जिंकले होते. म्हणजे झुकाव सुमारे तेरा टक्के. व्हर्जिनियात तो बारा. न्यू जर्सीत वादविवादातलं ते वाक्य नव्हतं, स्वतःचे दोन कोटी घालणारा उमेदवार नव्हता, देशभरचे पत्रकार तळ ठोकून नव्हते. तरी वारा तेवढाच वाहिला. त्यामुळे बारा टक्क्यांचं सगळं श्रेय यंगकिन यांच्या सल्लागारांना देणं गैर आहे. वारा दोन्हीकडे होता. व्हर्जिनियात पक्षाने एवढंच केलं की तो वारा अडवणारा उमेदवार उभा राहू दिला नाही. फरक दोन टक्क्यांचा असताना तेवढं पुरतं. चेस किंवा स्टुअर्ट यांच्यासारखा उमेदवार असता तर चेस्टरफील्डमध्ये ती दोन टक्के मतं राहिली असती असं मानायला आधार नाही.

नंतर काय उरलं

पहिल्याच दिवशी, १५ जानेवारी २०२२ ला, यंगकिन यांनी शाळांविषयीच्या आदेशावर सही केली. किराण्यावरचा २.५ टक्के कर पूर्ण काढण्याचं वचन अर्धवट पार पडलं: राज्याचा दीड टक्का २०२३ पासून गेला, स्थानिक एक टक्का राहिला.

२०२३ च्या विधिमंडळ निवडणुकीत यंगकिन यांनी मुदतपूर्व मतदानाची मोहीम आणखी मोठी केली आणि गर्भपातावर पंधरा आठवड्यांची मर्यादा हा तडजोडीचा तोडगा म्हणून मांडला. तोपर्यंत सर्वोच्च न्यायालयाने हक्क रद्द केलेला होता. २०२१ मध्ये न बोलून टाळलेला विषय आता स्वतःहून पुढे केला गेला. दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली, प्रतिनिधिगृह ५१-४९ आणि सिनेट २१-१९.

२०२५ मध्ये यंगकिन उभे राहू शकत नव्हते. रिपब्लिकन पक्षाने प्रायमरी ठरवली. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव यायला दहा हजार सह्या लागतात, त्यातही अकरा काँग्रेस मतदारसंघांतून प्रत्येकी किमान चारशे. अमांडा चेस आणि माजी आमदार डेव्ह लारॉक यांना त्या जमल्या नाहीत, आणि २०२१ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर झालेल्या विन्सम (अर्ल-)सीअर्स यांना एकही मत न पडता उमेदवारी मिळाली. दुसऱ्या पसंतीची मतं मागत फिरण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. आता ट्रम्प व्हाइट हाउसमध्ये होते, केंद्र सरकारी नोकऱ्यांतली कपात आणि ऑक्टोबरपासून बंद पडलेलं सरकार यांचा सगळ्यात मोठा फटका उत्तर व्हर्जिनियाला बसत होता. प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात अर्ल-सीअर्स यांनी शाळांतल्या ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर जाहिराती लावल्या. डेमोक्रॅटिक उमेदवार ॲबिगेल स्पॅनबर्गर घरखर्च, वीजबिल, घरभाडं यांवर बोलत राहिल्या आणि सुमारे पंधरा टक्क्यांनी जिंकल्या. चेस्टरफील्ड परत डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं, आणि प्रतिनिधिगृहात त्या पक्षाच्या १०० पैकी ६४ जागा झाल्या.